इतर खर्च

विट्याच्या पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर
मी अकरा वर्षं बसते.
लोकांच्या बोरमाळा, कुड्या, वेल
वजन करून पाकिटात घालते, सील करते, नंबर टाकते.
रडणाऱ्या बाईपुढे पाण्याचा ग्लास सरकवायचा,
हे मला कुणी शिकवलं नाही.

त्या सोमवारी टेबलाच्या अलीकडे मी
आणि पलीकडेही मीच.
पाटल्या उतरवायला साबण लागला.
कसोटीवर घासता घासता पोतदार म्हणाले,
"पोकळ आहेत, मॅडम. सोन्यापेक्षा लाख जास्त.
घरातलं काही?"
मी म्हटलं, "मिरज."
मिरजेला आमच्याकडचे लोक दवाखान्यालाच जातात.
त्यांनी पुढचं विचारलं नाही.

केंद्राचा कागद असा:
अनामत पाच हजार, परत न मिळणारी अनामत.
महिन्याचे अठरा. किमान तीन महिने.
रक्त-लघवी वेगळी, औषधं वेगळी.
पहिले सात दिवस माणूस थरथरतो,
त्या दिवसांचा दर वेगळा.

मी पेन काढून विचारत गेले,
जसं आमच्याकडे कर्जदारानं विचारावं
आणि कुणीच विचारत नाही.
मध्येच पळून गेला तर?
जेवण धरून की सोडून?
विम्यात बसतं का?
मुजावर मॅडम म्हणाल्या, "पॉलिसी आणा, बघू.
लिव्हर बसतं कधीकधी. माणूस बसत नाही."
मग पेन बंद करून विचारलं, हमी?
"दहांतले किती परत येतात, सांगू?"
नको म्हटलं.

जालिंदर, माझा पाठचा.
सोळाव्या वर्षी गलाईला सेलमला गेला.
सराफांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, धुवायचा, आटवायचा,
घमेलंभर राखेतून गव्हाएवढं सोनं काढायचा.
तूट किती धरायची ते त्याला नजरेनं कळायचं.
संध्याकाळी ॲसिडनं घसा जळतो म्हणून एक.
मग जळत नाही म्हणून दोन.
त्या तेवीस वर्षांची एक पावती घरात नाही.
भावजयीचं डोरलं कधी गेलं, त्याची तारीख नाही.
एका रात्री मी हिशेब मांडायला बसले होते.
आकडा आला तसा कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

पाटल्या ऐंशी दिवसांना पुरल्या.
उरलेल्या दहांसाठी भिशीच्या बायकांनी
माझा नंबर आधी लावला.
कशाला ते मी सांगितलं नव्हतं.
उठताना एकीनं हळूच म्हटलं,
"तुमचं झालं की मला पत्ता द्या."

सोडायच्या दिवशी शेवटचं बिल आलं.
सगळ्यात खाली: इतर, दोनशे चाळीस.
सवयीनं बोट ठेवलं, हे काय?
मॅडमनी वही उघडली.
फोन. एकाला दहा रुपये. चोवीस.
सगळे एकाच नंबरवर, दुपारी चारच्या पुढे.
तेव्हा आमची रोकड जुळवायची वेळ.
नऊ उचलले असतील मी.
"कॅश जुळत नाहीय रे, नंतर कर."

एसटीत तो खिडकीशी बसला.
तासगाव आलं तेव्हा फाईल मागितली,
एकेक कागद वाचला ओठ हलवत.
"आक्का, ह्ये समदं लगीच न्हाई फिटायचं माझ्याच्यानं."
"माहीताय."
"ह्ये एक आधी फेडतो."
बोट खालच्या ओळीवर. नखात अजून काळं होतं.

दहा महिने झाले.
दिवाळीनंतर पंधरा दिवस पुन्हा जाऊन आला,
त्याची पावती वेगळी.
दोनशे चाळीस दिलेत त्यानं, सुट्टे.
पाटल्या पाकिटातच आहेत, व्याज चढतंय.

चार वाजून गेले की फोन वाजतो.
मी नोटांचा गठ्ठा खाली ठेवते.
"काही नाही, असंच," म्हणतो.
ठेवल्यावर आठवत नाही कुठवर आले होते.
मग पुन्हा पहिल्या नोटेपासून.